ग्लॅड बर्थडे

इंग्रजीतले समानार्थी शब्द म्हटले की मुलांच्या दप्तरातून ठरलेली झेरॉक्स निघते. डावीकडे दहा शब्द, उजवीकडे दहा, मधे रेघा मारा. त्याहून वाईट म्हणजे बिग = लार्ज, हॅपी = ग्लॅड, स्टार्ट = बिगिन अशी यादी आणि खाली ‘पाच वेळा लिहा’. तिसरी-चौथीच्या मुलांना शिकवताना माझी निम्मी ताकद ते बरोबरचं चिन्ह पुसण्यातच जाते.

पाठांतर मुलांना जड नाही. मराठीत सूर्य, रवी, भास्कर घोकून जीभ तयार झालेली असते, त्यामुळे दहा जोड्या दोन दिवसांत तोंडपाठ. घोळ होतो तो त्यानंतर. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजू हव्या तशा बदलता येतात हे मूल गणितात शिकलेलं असतं. तोच नियम ते इथे लावतं आणि वहीत येतं ‘माय लार्ज ब्रदर’, ‘बिगिन द स्कूटर’, ‘ग्लॅड बर्थडे’. चूक म्हटलं की उत्तर तयार: “सेमच आहे की ओ टीचर!” पोरगं बरोबर बोलतंय. चिन्हाने त्याला हेच सांगितलंय.

यावर नियम सांगत बसू नये, आधी मराठीत फसवावं. “टीचर, जल प्यायला जाऊ का?” असं फळ्यावर लिहिलं की वर्ग हसतो. लगेच विचारायचं, मग पाणी आणि जल समानार्थी नाहीत का? आहेत. तरी तहान लागल्यावर पाणीच मागतो आणि पुस्तकात मात्र जलप्रदूषण असतं. हसू येतं त्या क्षणी मुलाला फरक कळलेला असतो, फक्त तो सांगता येत नसतो. आपल्याकडे सोलापुरात, विशेषतः पूर्व भागात, याला आणखी एक फाटा फुटतो. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी मुलं लगेच नीळ्ळू आणि नीरु पुढे करतात. त्यांना शाबासकी द्यावी, पण ती वेगळ्या भाषांतली नावं आहेत हे तिथेच सांगून टाकावं. समानार्थी शब्दांची जोडी एकाच भाषेतली हवी.

मग खरं काम. वहीचं पान उभं तीन भागांत दुमडायचं. पहिल्या घरात ‘दोन्ही चालतात’, दुसऱ्यात ‘फक्त जुना’ (मुलाच्या आधीपासून ओळखीचा शब्द), तिसऱ्यात ‘फक्त नवा’ (आज शिकवलेला). एका जोडीला सहा वाक्यं पुरतात. बिग-लार्जचं बघा. बॉक्सला दोन्ही चालतात, रूमलाही. ब्रदर आणि मिस्टेक यांना बिगच. ‘अ लार्ज नंबर ऑफ पीपल’ मधे लार्जच. स्टार्ट-बिगिनमधे गोष्ट किंवा तास दोन्हींनी सुरू होतो, पण गाडी आणि मशीन फक्त स्टार्ट. हे मुलांना पटकन पटतं, कारण स्कूटर आपण मराठीतही स्टार्टच करतो. स्मॉल-लिटलमधे ‘लिटल सिस्टर’ ठीक, पण ‘द रूम इज लिटल’ कानाला खटकतं, तिथे स्मॉल. हॅपी-ग्लॅडमधे ‘आय ॲम ग्लॅड’ छान, पण वाढदिवसाला हॅपीच. वाक्य आधी मोठ्याने दोन्ही शब्द घालून म्हणायचं, मग घर ठरवायचं. नुसतं डोळ्यांनी वाचून हे जमत नाही.

मुलं ‘का?’ विचारणार. कारण असेल तिथे द्यावं, नसेल तिथे ‘असंच म्हणतात’ म्हणून मोकळं व्हावं. बिग ब्रदर का आणि लार्ज का नाही, याचा ओढूनताणून नियम बनवला की पुढच्या वाक्यात तोच मोडतो. टॉल आणि हायला मात्र कारण दाखवता येतं. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत मिरवतात तो उंच काठीचा नंदीध्वज इथे सगळ्यांनी पाहिलेला असतो. तो सडपातळ आणि उभा, म्हणून टॉल. माणूस, झाड, खांब त्याच रांगेत. भुईकोट किल्ल्याची भिंत हाय, डोंगर हाय, फळी हाय. आणि तोच नंदीध्वज आडवा ठेवला की लाँग. हे हाताने उभं-आडवं करून दाखवलं की टॉल-लाँगचा गोंधळही जाता जाता मिटतो.

आधी सांगायला हवं होतं ते आता: जोडीतला एक शब्द पूर्ण ओळखीचा असलाच पाहिजे. दोन्ही नवे एकाच दिवशी दिले तर मूल दोन्हींची अदलाबदल करतं. बिग पक्का होऊ द्या, वाक्यात सहज येऊ द्या, मग लार्ज आणा. आठवड्याला चार नवे शब्द पुष्कळ झाले. झेरॉक्सवरचे दहा दहा शब्द फक्त पान भरण्यासाठी असतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

चित्रांची कार्डं इथे फार कामाची नाहीत. हसरा चेहरा हॅपीचाही आणि ग्लॅडचाही, फरक दिसणार कुठे? त्यापेक्षा दोरी बांधा आणि कपड्यांचे चिमटे घ्या. कोमट, गरम, कढत हा चढ मुलांना घरातूनच माहीत असतो. त्याच क्रमाने वॉर्म, हॉट, बॉइलिंग टांगायला लावा. पुढे बिग, ह्यूज, एनॉर्मस. सोलापूरचा मे महिना दोरीवर कुठे टांगायचा यावर वाद होऊ द्या, वाद घालताना शब्द वीस वेळा तोंडात येतो.

शिष्यवृत्तीच्या परीक्षेची घाई पालकांना असते. तिथे चार पर्यायांतून एक निवडायचा असतो, त्यामुळे जोडी ओळखता आली तरी भागतं. पण पर्यायांत विरुद्धार्थी शब्द मुद्दाम बसवलेला असू शकतो आणि घाईत मूल त्यालाच खूण करतं, कारण बिग-स्मॉल ही जोडी त्याने सर्वांत आधी ऐकलेली असते. प्रश्नातल्या ‘सिमिलर’ किंवा ‘ऑपोझिट’ या शब्दाभोवती आधी गोल करायला लावा, मगच पर्याय बघू द्या.

हां, आणि सायलेंटला जोडी म्हणून क्वाएट दिलात तर स्पेलिंग लगेच तपासा. शेवटी ई आधी, टी नंतर. उलटं झालं की तो क्वाइट होतो आणि मुलाला अर्थ येत असूनही गुण जातो.