गॅस पुरेसा होता, तरी केळी हिरवीच

तुर्भ्यातल्या एका रायपनिंग चेंबरचं, म्हणजे फळं पिकवायच्या बंद खोलीचं, तांत्रिक काम मी बघते. इथिलीन हा पिकवणारा गॅस सोडून दार लावलं की केळी पिकतात, असं लोकांना वाटतं. खरा व्याप वेगळाच: गराचं तापमान १६ ते १८ अंशांत धरायचं, हवा दमट ठेवायची आणि साचलेला कार्बन डायऑक्साइड वेळेवर बाहेर काढायचा. तो वाढला की इथिलीन असूनही फळ दाद देत नाही.

त्या सकाळी दार उघडलं. उजवीकडच्या जळगावच्या मालाने छान रंग धरला होता. डावीकडचा, दुसऱ्या पार्टीचा माल आत गेला तसाच गर्द हिरवा. चेंबर तेच, गॅस तोच. शेठ म्हणाले, "मॅडम, गॅस कमी पडला. डबल मारायला सांगा." मी ऑपरेटरला थांबवलं. एक तर आपल्याकडे मर्यादा १०० पीपीएमची, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत गॅसचे १०० भाग. दुसरं, फळ का ऐकत नाही हे न बघता गॅस वाढवायची बाजारातली सवय मला मनापासून खटकते.

माल कोवळा होता का? नाही, केळी भरलेली, कडा गोल झालेल्या. दोन्हीकडचं एकेक केळं आडवं कापून आयोडीनमध्ये बुडवलं; स्टार्च असेल तिथे ते काळंनिळं होतं. पिवळ्याचा काप फिकट पडत चाललेला. हिरव्याचा मध्यापासून सालीपर्यंत काळानिळा. स्टार्चची साखर व्हायला सुरुवातच नव्हती.

इथिलीन ओळखणारी पेशीतली प्रथिनं इथिलीन नसतानाच कामावर असतात. सीटीआर-१ या प्रथिनाकरवी ती पिकण्याचा निरोप अडवून धरतात. इथिलीन चिकटलं की ती थंडावतात आणि ईआयएन-२ या प्रथिनाचा एक तुकडा सुटून केंद्रकात जातो. ईआयएन-३ हे प्रथिन पेशी एरवी बनवते आणि मोडूनही टाकते. आता ते टिकतं, डीएनएवर बसतं आणि पुढची जनुकं चालू करतं. रंग, मऊपणा, गोडी हे सगळं त्यानंतरचं.

१-एमसीपी नावाचा वायू ओळखणाऱ्या प्रथिनांवर नेमका इथिलीनच्याच जागी बसतो आणि सहजी सुटत नाही. फळ जास्त दिवस हिरवं राखायला तो वापरतात. जागाच अडली असेल तर गॅस डबल करा नाहीतर चौपट, फळ नवी प्रथिनं बनवेपर्यंत काही हलत नाही. निर्यातीचा रद्द झालेला माल आमच्या गळ्यात मारला असावा, असा माझा संशय.

पार्टीला फोन लावला. "आम्ही काहीच मारलेलं नाही." आता वायू उडून गेल्यावर दाखवणार काय? स्टार्च शाबूत होता, म्हणून शेठना तो माल वेफर्सवाल्यांकडे वळवायला सांगितलं. निम्मा भावही आला नाही. दोन फण्या मी ठेवून घेतल्या. त्या फार उशिरा पिकल्या, त्याही ठिगळाठिगळांनी: आत गर मऊ, सालीवर हिरवे पट्टे. १-एमसीपी दिलेल्या केळ्यांत असं होतं. पण थंडी-उष्णतेचा फटका बसूनही साल बिघडते, त्यामुळे मी अजून छातीठोकपणे बोलत नाही.

मालाच्या चिठ्ठीवर वजन असतं, गाव असतं. आधी काय दिलं ते नसतं. पुढच्या खरेदीत ती ओळ लेखी मागा, असं शेठना सांगितलंय. ते हो म्हणालेत. समोरची पार्टी लिहून देते का, ते पुढची गाडी लागली की कळेल.