तुम्ही विचारलंत म्हणून: मैत्रिणीच्या पोस्ट आणि माझं दार

'दिवसाला वीस-वीस पोस्ट टाकणारी मैत्रीण तुम्ही अजून अनफ्रेंड कशी केली नाहीत?' वर्षातून चार-पाच जण तरी मला हे विचारतात, आणि विचारणारे बहुतेक आम्हा दोघींच्याही ओळखीचे असतात. म्हणून एकदा सविस्तर सांगते.

ही माझी कॉलेजची मैत्रीण, कोल्हापूरची. उजाडलं की रंकाळ्याचा फोटो, मग देवघर, मग पोहे. नवरात्रात नऊ रंगांच्या नऊ साड्या आणि प्रत्येक साडीचे पाच-सहा फोटो. तिच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसभोवतीच्या वर्तुळाचे इतके तुकडे होतात, की नुसते ठिपकेच दिसतात.

मला त्याचा त्रास व्हायचा, हे खरं आहे. तरी तिचं मन राखायला मी प्रत्येक फोटोला बदाम द्यायचे. ज्याच्या पोस्टना आपण प्रतिसाद देतो, त्याच्याच पोस्ट फेसबुक आपल्याला जास्त दाखवतं, हे मला फार उशिरा समजलं. मग बदाम थांबवले आणि तिला स्नूझ केलं. ही सोय 2017 पासून आहे. 30 दिवस त्या माणसाच्या पोस्ट दिसत नाहीत, त्याला ते कळतही नाही, आणि मैत्री यादीत तशीच राहते. व्हॉट्सअ‍ॅपवरही तिचं स्टेटस म्यूट केलं.

यात फसवणूक आहे, असं मला वाटत नाही. दुपारी दार लोटून घेतलं म्हणून शेजार तुटत नाही.

पण दार लोटल्यावर मी एक नेम धरला. दर रविवारी तिला फोन करायचा. पोस्टमध्ये कधीच न आलेलं तेव्हा कानावर आलं. सासूबाईंना आता घरातली माणसं ओळखू येत नाहीत, त्यांना एकटं सोडता येत नाही. सकाळी नवरा घरी असतो तेवढा अर्धा तास तिचा, आणि त्या अर्ध्या तासात ती रंकाळ्यावर जाते. हे कळल्यावर तो फोटो मला खुपेनासा झाला.

एका बाबतीत मात्र मी गप्प बसले नाही. माझे वडील आयसीयूत होते. ही डबा घेऊन आली, रात्रभर माझ्याजवळ बसली, आणि पहाटे बाहेरच्या बाकांचा फोटो टाकून तिनं लिहिलं, 'काकांसाठी प्रार्थना करा'. नागपूरला भावाला मी अजून कळवलं नव्हतं. त्याला ते तिसऱ्याच माणसाकडून कळलं. मला फार लागलं. ज्या माणसानं आपल्यासाठी रात्र जागवली, त्याच्यावरच रागावावं लागणं फार अवघड असतं.

बाबा घरी आल्यावर मी तिच्या घरी गेले. असलं काही मेसेजवर लिहू नये, कमेंटमध्ये तर नाहीच नाही. म्हटलं, "अगं, तुझं तू हवं तेवढं टाक. माझ्या घरातलं टाकण्याआधी मला विचारत जा." ती काही बोलली नाही. संध्याकाळपर्यंत पोस्ट काढलेली होती. पुढचे दोन रविवार तिनं माझा फोन उचलला नाही. मी तरी करत राहिले.

तिसऱ्या रविवारी उचलला. आता आमच्या घरी हळदीकुंकवाला आली की फोटो काढते, मला दाखवते आणि विचारते, "हा टाकू का?" लेकीचा असेल तर मी नको म्हणते. परवा आम्हा दोघींचा एक काढला होता. तो टाक म्हटलं.