येणे बाकी : दिवा 1

डिसेंबर उजाडला की पहिला फोन मंडपवाल्या दादांचा येतो. "ताई, यंदा खुर्च्या किती?" त्यांच्या फोनपाठोपाठ माझी वही निघते. आमचा मेळावा वर्षअखेरच्या शनिवारी असतो. टाटा समाजविज्ञान संस्थेत, म्हणजे आमच्या टिसमध्ये, सामाजिक उद्योजकतेचं, म्हणजे समाजाचा एखादा प्रश्न सोडवणारा उद्योग चालवण्याचं, एम.ए. केलेल्या आम्हा सुरुवातीच्या तुकड्यांचा हा घरगुती मेळावा. संस्थेचा कार्यक्रम नव्हे, आमचा. जागा मात्र संस्था जिथे आहे त्या मुंबईतल्या देवनारच्या आसपासचीच हवी असा माझा हट्ट असतो. गोवंडी स्टेशनवर उतरून त्याच रस्त्याने चालत आल्याशिवाय मला तो दिवस लागतच नाही.

हा अभ्यासक्रम 2007 साली सुरू झाला. डॉ. एस. परशुरामन तेव्हा संचालक होते. बांगलादेशचे मुहम्मद युनूस आणि गरिबांना छोटी कर्जं देणाऱ्या त्यांच्या ग्रामीण बँकेला शांततेचं नोबेल मिळालं त्याला जेमतेम वर्ष झालं होतं, त्यामुळे 'सामाजिक उद्योजक' हा शब्द वर्तमानपत्रांत दिसू लागला होता. विदर्भातल्या आमच्या कारंजा गावात तो पोचला नव्हता. आई शेजारणींना सांगायची, "पोरगी मुंबईले धंदा शिकाले गेली." वडील दुरुस्ती करायचे, "समाजसेवा शिकाले." दोघांचंही बरोबर होतं, आणि ते तसं का बरोबर आहे हे समजायला मला पुढची दोन वर्षं लागली.

कार्यक्रमाची सुरुवात सगळीकडे असते तशीच. स्वागत, प्रास्ताविक, गेल्या वर्षात गेलेल्यांना श्रद्धांजली. शाल-श्रीफळ आम्ही तिसऱ्या वर्षीच बंद केलं आणि वाचलेल्या पैशांत बाहेरगावच्या पाहुण्यांचं रेल्वेचं तिकीट काढायला लागलो. त्यानंतर आमचे एक निवृत्त सर बोलतात. ते दरवर्षी तेच सांगतात आणि दरवर्षी मी ते पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकते. क्लिफर्ड मॅन्शार्ट नावाचा अमेरिकन मिशनरी मुंबईत येतो, नागपाड्याच्या कामगारवस्तीत 'नेबरहूड हाऊस' चालवतो, आणि त्याच्या लक्षात येतं की नुसत्या चांगल्या मनाने हे काम होत नाही, ते शिकावं लागतं. सर दोराबजी टाटांच्या नावाच्या ट्रस्टचं पाठबळ मिळतं आणि 1936 साली त्याच नागपाड्यात 20 विद्यार्थ्यांवर समाजकार्याची शाळा सुरू होते. 1944 साली तिचं आजचं नाव पडतं, 1954 साली ती देवनारला येते. सर वीस हा आकडा उच्चारताना समोरच्या खुर्च्यांकडे बघतात. आमच्यातले काही त्या वेळी मान खाली घालतात, कारण खुर्च्या पुष्कळ रिकाम्या असतात.

हे मी लिहिणार आहे, कुणाला राग आला तरी. 'नक्की येणार' असं ग्रुपवर लिहायचं, अंगठा दाखवायचा आणि शनिवारी सकाळी 'अचानक काम निघालं' असं कळवायचं, हे गेली कित्येक वर्षं चाललं आहे. कंपनी कायद्याचं कलम 135 एप्रिल 2014 पासून लागू झालं. मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं आलं, आणि आमच्यातले कितीतरी हुशार लोक त्या नोकऱ्यांत गेले. त्यात काही वाईट नाही. चांगलं काम करतात, वेळेवर पैसे पोचवतात. पण वांद्र्याहून चेंबूर लांब पडतं असं त्यांनी म्हणावं, आणि पालघर जिल्ह्यातल्या मोखाड्याच्या पाड्यावरून तीन वाहनं बदलून आलेल्या माणसाने पहिल्या रांगेत साडेनऊला बसलेलं असावं, याचं मला दरवर्षी वाईट वाटतं. ते वाटतं ते वाटतंच.

या मेळाव्यासाठी मी वर्षभर जीव टाकते त्याचं कारण मात्र जेवणाच्या आधीचा एक तास आहे. त्याला आमच्यात नुसतं 'हिशेब' म्हणतात. दरवर्षी ज्याचा उद्योग बंद पडला असा एक जण उभा राहतो आणि बंद पडलेल्या उद्योगाचा हिशेब वाचून दाखवतो. जमा, खर्च, येणे, देणे. मग बोलायचं असेल ते बोलतो. मध्ये कुणी टाळ्या वाजवायच्या नाहीत, सल्ला द्यायचा नाही. शेवटी फक्त ज्यांच्याबरोबर तो उद्योग चालला होता त्या गावच्या माणसांपैकी कुणी आलं असेल तर त्यांनी बोलायचं.

हे कुठून आलं तेही सांगते. वर्गात आम्ही चाललेल्या उद्योगांच्याच गोष्टी शिकलो. मदुराईत डॉ. वेंकटस्वामींनी 1976 साली 11 खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं, पैसे देणाऱ्यांच्या शस्त्रक्रियांवर न देणाऱ्यांच्या शस्त्रक्रिया कशा उभ्या राहिल्या, डोळ्यात बसवायचं भिंग स्वतः बनवल्यावर खर्च कसा उतरला. गिरगावात 1959 साली सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले आणि त्यातून लिज्जत झालं. म्हसवडच्या बायकांनी 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक काढली. अजूनही या गोष्टी सांगताना माझा आवाज चढतो. पण वर्ग सुटल्यावर आपापल्या गावी गेलेल्या आमच्यातल्या बऱ्याच जणांचं तसं झालं नाही. पहिल्या दोन मेळाव्यांना असे लोक आलेच नाहीत. आले त्यांनी कोपऱ्यातल्या खुर्च्या धरल्या. तिसऱ्या वर्षी आमच्या एका मॅडमनी कार्यक्रमपत्रिकेत स्वतःच्या हाताने एक ओळ घातली, 'बंद पडलेल्याचा हिशेब', आणि पुढे कुणाचं नाव न लिहिता जागा मोकळी सोडली. त्या दिवशी ती जागा आपणहून एका मुलाने भरली.

त्याचं काम मोखाडा तालुक्यात होतं. पाड्यांवर वीज नव्हती. रॉकेलच्या चिमणीपेक्षा स्वस्त पडेल असा सौर दिवा भाड्याने द्यायचा, असा त्याचा उद्योग. शाळेच्या छपरावर पॅनेल. सकाळी मुलांनी येताना दिवे आणायचे, दिवसभर चार्ज करायचे, संध्याकाळी घेऊन जायचे. रोजचं भाडं 3 रुपये, अनामत 200. दिवे 64. त्या भाड्यातून बॅटऱ्या बदलण्याचा निधी साठायचा. दुसऱ्या वर्षी तो निधी पुरेनासा झाला, कारण पावसाळ्यात चार-चार दिवस ऊन नाही आणि बॅटरी पूर्ण उतरत राहिली की लवकर मरते. ते त्याने सावरलं. एक पॅनेल वाढवलं, पावसाळ्यात भाडं निम्मं केलं. मग पाड्यावर खांब आले. खांबांवर तारा आल्या, घरांना मीटर बसले आणि आठ दिवसांत दिवे परत येऊ लागले.

तो हे सांगत होता तेव्हा सभागृहात सगळे गप्प होते. वीज आली, यात रडण्यासारखं काय आहे, असं त्यानेच आम्हाला विचारलं. ज्यासाठी आपण गेलो होतो ते झालं. मग रात्री खोलीत बसून 63 दिवे पुसताना आपल्याला रडू का आलं, हे त्याला कळत नव्हतं. त्याने सगळ्यांच्या अनामती परत केल्या. वही उघडून एकेक घराचं नाव आणि पुढे अंगठा किंवा सही, असं दाखवलं. शेवटच्या पानावर दोन ओळी होत्या. येणे : दिवा 1. देणे : अनामत 200 रुपये. एका आजीने दिवा परत दिला नव्हता. ती म्हणाली होती, लाइट जाते तेव्हा मी काय करू? अनामत तिला परत देतो म्हटलं तर तीही घेईना. दिवा माझ्याकडे, पैसे तुझ्याकडे, राहू दे, बाकी आहे म्हणून तू येशील तरी.

त्यानंतर घरोघरी वीजजोडणी देणारी केंद्राची सौभाग्य योजना आली, आणखी कितीतरी पाड्यांवर मीटर लागले. तो मुलगा आता शिक्षक आहे. ती वही मात्र त्याने बंद केलेली नाही.

माझी पाळी 2017 च्या डिसेंबरात आली. कारंज्याजवळच्या एका गावात बचत गटाच्या बायकांबरोबर मी डाळ मिल चालवत होते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने तयार केलेली पीकेव्ही मिनी डाळ मिल. गावातली तूर गावातच भरडायची आणि मुंबईच्या सोसायट्यांना वर्षभराची डाळ एका भावाने द्यायची, पैसे आगाऊ. 2015 च्या जानेवारीत आम्ही 90 रुपये किलोने नोंदणी घेतली. त्या वर्षी पाऊस रुसला आणि ऑक्टोबरात शहरात डाळ 200 रुपयांच्या घरात गेली. आमच्या कोठीतली तूर दसऱ्याआधीच संपली होती. दिलेला शब्द 90 चा, आणि बाजारात कच्ची तूर क्विंटलला दहा हजारांच्या वर. गटाने बसून ठरवलं की शब्द पाळायचा. पाळला. त्यात खेळतं भांडवल गेलं. पुढच्या हंगामात सगळ्यांनी तूर पेरली, पाऊस चांगला झाला आणि 2017 च्या सुरुवातीला भाव क्विंटलला 5,050 रुपयांच्या हमीभावाच्याही खाली आला. खरेदी केंद्रांबाहेर ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या, बारदाना संपला. आमच्या दारात स्वस्त तूर चालत येत होती आणि ती घ्यायला आमच्याकडे पैसा नव्हता. मिल त्या उन्हाळ्यात थांबली.

हे सगळं मी कागदावर लिहून नेलं होतं. वाचताना तोटा या शब्दावर आवाज बसला. खाली बसले तेव्हा मागच्या रांगेतून आमच्या गटाच्या अध्यक्ष ताई उठल्या. त्या आणि आणखी दोघी आदल्या दिवशी एसटीने मूर्तिजापूरला येऊन, रात्रभर विदर्भ एक्सप्रेसने प्रवास करून, सकाळी सीएसएमटीवरून हार्बरने गोवंडीला उतरल्या होत्या. त्यांनी माईक घेतला नाही. त्या म्हणाल्या, "बाई, हिशेब चुकला तुमचा." माझ्या पोटात गोळा आला. मग त्यांनी पिशवीतून गटाची वही काढली. मिल थांबल्यावर कोठीत तुरीची चुनी, म्हणजे डाळ भरडताना पडलेला चुरा, उरली होती. ती त्यांनी गावातल्या दूधवाल्यांना जनावरांसाठी विकली होती. ते पैसे माझ्या कागदावर नव्हते, त्यांच्या वहीत होते. त्या पैशांत दोन बायकांनी शेळ्या घेतल्या होत्या आणि हप्ते फिटत आले होते. तो आकडा माझ्याकडून सगळ्यांसमोर लिहून घेऊन त्या खाली बसल्या. तो कागद माझ्याकडे आहे. खाली त्यांची सही आहे, तारखेसह.

2020 आणि 2021 साली मेळावा झाला नाही. फोनच्या चौकटीत सगळे दिसले आणि एका मुलीने तिच्या बंद झालेल्या खानावळीचा हिशेब वाचला. ती वाचत असताना मागे तिची आई भांडी लावत होती. तो आवाज कुणी बंद करायला सांगितला नाही.

आता ज्यांच्यावाचून हे काहीच उभं राहिलं नसतं त्यांच्याबद्दल. बऱ्याच जणांनी नाव छापू नको म्हणून बजावलंय, म्हणून कामावरूनच ओळख सांगते. मंडपवाले दादा, जे मोडक्या खुर्च्या आधीच बाजूला काढतात. सभागृहाची किल्ली सांभाळणारे शिपाईकाका आणि ते रजेवर असताना आलेला त्यांचा पुतण्या. हिशेबाच्या तासाला पंखे बंद करणारा साउंडवाला मुलगा, कारण पंख्यांच्या आवाजात हळू बोलणाऱ्याचं ऐकू येत नाही हे त्याचं त्यालाच सुचलं. जेवण करणाऱ्या मानखुर्दच्या बचत गटाच्या चौघी. त्यांची झुणका-भाकरी आणि वांग्याचं भरीत यापलीकडे आमचा बेत जात नाही. पहाटे स्टेशनवर जाऊन पाहुण्यांना आणणारे रिक्षावाले चाचा, जे परतीचे पैसे घेत नाहीत. पत्रिका उधारीवर काढून देणारे झेरॉक्सवाले. आमच्या जुन्या तुकड्यांचे पत्ते एकेक करून शोधून देणाऱ्या कार्यालयातल्या दोघी, ज्यांतली एक निवृत्त झाली तरी अजून फोन करून विचारते की अमक्याचं पत्र परत आलं का. ग्रंथालयातले ते सर, जे आमच्या वेळी रात्री दिवे बंद करण्याआधी दोनदा हाक द्यायचे आणि आता मेळाव्याला शेवटच्या रांगेत बसतात. पहिल्या वर्षी स्वतःच्या घरून सतरंज्या आणणारी आमची वर्गमैत्रीण. फोटो काढणारा तिचा भाऊ. आणि ज्या मॅडमनी ती मोकळी ओळ घातली त्या. तब्येतीमुळे त्यांना आता येता येत नाही, पण शनिवारी संध्याकाळी त्यांना फोनवर हिशेब पूर्ण वाचून दाखवावा लागतो, आकड्यांसकट. परवा रात्री झोपेतून उठून मी वहीत पाणीवाल्या दोन मुलांची भर घातली. त्यांचं गेल्या वर्षी राहिलं होतं.

यंदाचा हिशेब कोण वाचणार ते ठरलं आहे. परभणीकडचा मुलगा आहे. परवा त्याचा फोन आला, दहा मिनिटं पुरतील का म्हणून. मी म्हटलं, वेळेचं नंतर बघू. वही आण, आणि गावातून कुणी येत असेल तर आत्ताच सांग, तिकीट काढायचं आहे.