गळकी बोट आणि मुलीचा खडू

मिनेसोटात येऊन अकरा वर्षं झाली तरी बोट घ्यायचं धाडस होत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी कोणाच्या तरी अंगणात 'घेऊन जा' अशी पाटी लावलेली चौदा फुटी अ‍ॅल्युमिनियमची बोट दिसली. ट्रेलरसकट शंभर डॉलर. गळते का, असं विचारल्यावर मालक म्हणाला, "थोडी." हे 'थोडी' किती, ते तळ्याच्या मध्यावर कळलं. पाऊण तासात पावलं बुडाली.

पहिल्या उन्हाळ्यात मी हार्डवेअरच्या दुकानातलं बाथरूमचं सिलिकोन आणून दिसेल त्या रिव्हेटवर (पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्यावर) फासलं. हा मूर्खपणा मुद्दाम सांगते आहे. ते महिन्याभरात सोलून निघालं, आणि त्याच्या उरलेल्या थरावर पुढे ना रंग बसला ना एपॉक्सी (सुकून कडक होणारा चिकट लेप). नंतर ते खरवडायलाच दोन रविवार गेले.

देवगडच्या मामाला फोनवर सांगितलं. त्याचा सगळा अनुभव लाकडी होडीचा. "अगो, पाण्यात ठेय चार दिस, लाकूड फुगान फटी बंद जातत." अ‍ॅल्युमिनियमची आहे म्हटल्यावर क्षणभर शांतता. मग, "ता काय फुगाचा नाय."

नाहीच फुगत. उलट अशा बोटीचा पत्रा लाटांच्या आणि ट्रेलरच्या धक्क्यांनी सतत हलतो, आणि शेकडो रिव्हेटांपैकी काही सैल होतात. दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रुमनसारख्या विमानं बनवणाऱ्या कंपनीने रिव्हेटांनी पत्रे जोडायच्या याच पद्धतीने कनू (लहान निमुळत्या होड्या) बनवल्या. म्हणजे विमानाचाच पत्रा शिवायची पद्धत, फक्त टाके उसवले की आत पाणी.

गळती शोधायची युक्ती शेजारच्या आजोबांनी सांगितली. बोट पाण्यात घालायची नाही, पाणी बोटीत घालायचं! ट्रेलरवरच ठेवून, बुडाखाली लाकडी ठोकळे देऊन. तेही चारच इंच, कारण तेवढंच पाणी तीन-चारशे किलो भरतं आणि जुना ट्रेलर वाकू शकतो. मग खाली आडवं पडून कुठे थेंब धरतो ते बघायचं. ओल्या पत्र्यावर मार्कर उठेना, म्हणून मुलीचा मेणाचा लाल खडू घेतला. तेवीस रिव्हेट, आणि पुढच्या बाजूला शिवणीची वीतभर लांबी. सिलिकोन फासलेल्यांपैकी निम्मे तर गळतच नव्हते.

सैल रिव्हेट काढायचे नाहीत, पुन्हा ठोकायचे. बाहेरून डोक्याला जड लोखंड टेकवून धरायचं आणि आतून शेपटी हातोडीने चेपायची. नवरा खाली, मी आत. "थांब" आणि "मार" यांत एकदाच गोंधळ झाला. त्याच्या अंगठ्याचं नख अजून काळं आहे. चार रिव्हेट पार झिजले होते. ते ड्रिलने काढून किंचित जाड, भरीव रिव्हेट सीलंटमध्ये बुडवून बसवले. साधे पॉप रिव्हेट आतून पोकळ असतात. त्यांच्या पोटातूनच पाणी येतं, त्यामुळे इथे ते चालत नाहीत.

मग आतून एपॉक्सी. मी ग्लुव्हिट वापरलं, पातळ असल्याने ते फटीत उतरतं. आधी स्टेनलेसच्या ब्रशने घासायचं (साध्या लोखंडी ब्रशचे कण पत्र्यात रुतून गंजतात), अ‍ॅसिटोनने पुसायचं आणि लगेच लावायचं, कारण उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर पुन्हा धरायला वेळ लागत नाही. हेअर ड्रायरने तळ कोमट केला तेव्हा ते शिवणीत अक्षरशः ओढलं गेलं. ते बघायला फार मजा आली.

मागच्या, इंजिन टांगायच्या फळीपाशी मात्र वेगळंच प्रकरण निघालं. आधीच्या कोणीतरी तांब्याचं औषध मारलेलं प्लायवुड साध्या लोखंडी स्क्रूंनी थेट पत्र्याला टेकवून बसवलं होतं. तांबं, लोखंड, अ‍ॅल्युमिनियम आणि ओल, झाली की बॅटरी तयार. पांढरी भुकटी, आणि तिच्याखाली पत्र्याला टाचणीएवढी भोकं. ती जाड एपॉक्सीने भरली. फळी सध्या काढून ठेवली आहे, त्यामुळे इंजिन नाही, वल्हीच.

मे महिन्यात बोट उतरवली. तीन तासांनी तळाशी भांडंभर पाणी. शोधलं, तर पाणी काढायच्या भोकाच्या बुचातलं रबर चिरलेलं. दोन डॉलरचं बूच.