विमान टेकेपर्यंत पालथीच

मिरजेतून एखाद्या पेशंटला विमानाने हलवायचं ठरलं की नातेवाइकांच्या तोंडी पुण्याचंच नाव येतं. लोहगाव मोठं, धावपट्टी अडीच किलोमीटरची, तिथून कुठेही जाता येतं. कोल्हापूरचं उजळाईवाडी आम्हाला जेमतेम पन्नास किलोमीटर, पण ते नाव काढलं की समोरचे चेहरे पडतात. लहान म्हणजे कच्चं, असं लोकांच्या मनात पक्कं बसलंय. मी अतिदक्षता विभागात काम करते. गेल्या पावसाळ्यातल्या एका दिवसाने पुणे की कोल्हापूर हा प्रश्न माझ्या डोक्यात असा बसवला की अजून तो सुटत नाही.

पेशंट तासगाव भागातली, चौतिशीची, दोन लेकरांची आई. स्वाइन फ्लूने दोन्ही फुप्फुसं भरलेली. व्हेंटिलेटरवर शंभर टक्के ऑक्सिजन देऊनही रक्तातला ऑक्सिजन पुरत नव्हता. अशा पेशंटला आम्ही पालथं ठेवतो, एका वेळी सोळा तास. पाठीकडचा फुप्फुसाचा भाग उघडतो आणि आकडे सुधारतात. ती पालथी असली की सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, ब्याण्णव-त्र्याण्णव. उताणी केली की पहिला तास-दीड तास कसाबसा निघायचा, मग ऐंशीच्या घरात घसरण. पुढचा उपाय एक्मोचा : रक्त शरीराबाहेर काढून त्यात ऑक्सिजन मिसळायचा, परत आत सोडायचं आणि फुप्फुसांना विश्रांती द्यायची. पुण्यात विचारलं तिथे मशीन रिकामं नव्हतं. तिचा भाऊ हैदराबादला नोकरीला. त्याने तिथल्या रुग्णालयात धावपळ करून बेड मिळवला. पहाटे पाचला त्यांचा होकार आला.

पेशंटला पालथं ठेवून प्रवास करता येतो, पण आमच्याकडच्या रुग्णवाहिकेत आणि त्या लहान विमानात ते धोक्याचं. श्वासाची नळी निसटली तर पुन्हा घालायला तोंडच सापडत नाही. म्हणजे आमच्या खाटेवरून उचलल्यापासून हैदराबादच्या खाटेवर ठेवेपर्यंतचा सगळा वेळ ती उताणी राहणार. माझ्या हिशेबात किलोमीटर नव्हतेच. उताणे तास किती, एवढंच मी मोजत होते.

पुण्याचा हिशेब असा. मिरजेहून पेठ नाका, कराड, सातारा, खंबाटकी, कात्रज. महामार्गाच्या सहापदरीकरणामुळे जागोजागी रस्ता वळवलेला, प्रत्येक वळणावर खड्डे. कात्रज ओलांडलं तरी लोहगाव शहराच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे कोंढवा, हडपसर, खराडी असं आख्खं पुणे वळसा घालून जायचं. व्हेंटिलेटरवरचा पेशंट घेऊन गाडी पळवता येत नाही, सहा तास धरायचे. त्यात लोहगाव हवाई दलाचं, त्यांच्या वेळा सांभाळूनच नागरी विमानांना जागा मिळते. पुढे सव्वा-दीड तासाचं उड्डाण आणि हैदराबादमधला तासभर. एकूण नऊ तास.

कोल्हापूर : अंकली, जयसिंगपूर, हातकणंगले, शिरोली, उजळाईवाडी. सव्वा तास. फाटकातून विमानापर्यंत स्ट्रेचर पाच मिनिटांत जातं, फक्त गाडीचा नंबर आणि सगळ्यांची ओळखपत्रं आधी पाठवलेली हवीत. एकूण साडेचार तास.

ऑक्सिजनचाही हिशेब बघा, कारण बाहेरच्यांना हे दिसत नाही. त्या व्हेंटिलेटरला मिनिटाला साधारण पंधरा लिटर लागत होता. पुण्यापर्यंत सहा तासांचे ५,४०० लिटर. आम्ही नेहमी दुप्पट घेतो, म्हणजे १०,८००. सात हजार लिटरचे दोन जंबो सिलिंडर. घाटात एक वाहन आडवं झालं की हे दोन्ही सिलिंडर बघत बसायचं. कोल्हापूरला दुपटीने धरले तरी २,२५० लिटर, एका जंबोत भागतं.

तिचा दीर माणूस जबाबदार. गावातल्या पतसंस्थेतून आणि बेदाण्याच्या पट्टीतून रात्रीत पैसे उभे केले होते त्याने. विमान कंपनीला सगळी रक्कम आधी लागते. आरटीजीएस आता चोवीस तास चालतं, पण नवीन खातं जोडलं की पहिल्या दिवशी बँकेचं अॅप मोठी रक्कम सोडत नाही. शेवटी भावकीतल्या तीन लोकांच्या मोबाइलवरून तुकड्यातुकड्याने पैसे गेले. तो म्हणाला, "मॅडम, पैशाचं काय बी बघू नका. पुण्यास्नं न्या. कोल्हापुरात बारकी विमानं उतरत्यात."

"दादा, आपलं विमानही बारकंच आहे," मी म्हणाले. दोन पंख्यांचं, एका स्ट्रेचरचं. त्याला हजार मीटरच्या आतली धावपट्टी पुरते. उजळाईवाडीची दीड किलोमीटरहून लांब आहे. हा विमानतळ राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली सुरू झालेला. मध्ये काही वर्षं प्रवासी सेवा बंद होती, ती २०१८ मध्ये उडान योजनेतून परत आली. कराडची धावपट्टी साडेबाराशे मीटरच्या आसपास आणि मुख्यतः वैमानिकांच्या प्रशिक्षणाची. कवलापूरला विमानतळ व्हावा म्हणून सांगलीकर किती वर्षं मागणी करतायत. आपल्याला जवळ आहे ते उजळाईवाडी, आणि आपण त्यालाच नाकं मुरडतो.

पण कोल्हापूरची खरी अडचण वेगळी होती आणि ती मला पूर्ण मान्य होती. जुलै महिना. ढग खाली उतरलेले. लहान विमानतळावर उतरायला वैमानिकाला मोठ्या विमानतळापेक्षा जास्त लांबचं दिसावं लागतं आणि ढगांचा तळही उंच लागतो. शिवाय लहान विमानतळाच्या कामकाजाच्या वेळा ठरलेल्या, त्यानंतर उघडं ठेवायचं तर आधी विनंती करावी लागते. म्हणजे वेळ कमी, खात्रीही कमी. आमचे ज्येष्ठ सर याच मुद्द्यावर अडले. "पुणे नक्की आहे, कोल्हापूर नशिबावर आहे," ते म्हणाले. सर अत्यंत हुशार, मी त्यांच्याच हाताखाली शिकले. पण हल्ली त्यांचा निर्णय आधी कागदावर सुरक्षित असावा लागतो. आणि ही सवय आमच्या अख्ख्या क्षेत्राला लागलीय, कारण काही वाकडं झालं की लोक आधी काच फोडतात आणि मग विचारतात.

माझं म्हणणं एवढंच होतं : कोल्हापूर जवळ असल्याने आपल्याला थांबता येतं. पुण्याला निघायचं तर विमान अजून मुंबईतून उडालेलंही नसताना पेशंट उताणी करून रस्त्यावर घ्यावी लागणार. तिथे सहा तासांनी काय होईल, विमानाला उशीर झाला तर गाडीत किती बसावं लागेल, काहीच हातात नाही. कोल्हापूरला मात्र विमान टेकल्याचा फोन येईपर्यंत ती खाटेवर पालथीच राहू शकते. विमान नाही उतरलं तर तिचं काहीच गेलं नाही.

कंपनीचा समन्वयक कुरकुरला. विमान जमिनीवर उभं राहिलं की त्याचे पैसे चढतात, आणि त्यांना पेशंट आधीच येऊन थांबलेला आवडतो. खरं तर त्यांच्या डॉक्टरांनी खाटेपर्यंत येऊन पेशंट ताब्यात घ्यायची पद्धत, पण त्यात येण्याजाण्याचे अडीच तास विमान उभं राहतं. आम्ही विमानाच्या पायरीशी पेशंट सोपवायचं कबूल केलं, थांबण्याचे पैसे दिराने कबूल केले. सरांनी शेवटी मान हलवली. "जबाबदारी तुझी," म्हणाले. मी घेतली.

पावसाळ्यात गाडी सोडण्याआधी आम्ही दोन आकडे बघतो : सांगलीत आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी आणि कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची. आयर्विनला इशारा ४० फुटांवर, धोका ४५ फुटांवर. राजाराम बंधाऱ्याला ३९ आणि ४३. विमानतळ पंचगंगेच्या पलीकडे, त्यामुळे शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं की तो आम्हाला संपला. २०१९ आणि २०२१ च्या पुरात तसंच झालं होतं. त्या दिवशी दोन्ही नद्या इशाऱ्याच्या खाली होत्या.

अकरा वाजता विमान कोल्हापूरवर आलं. खाली काहीच दिसत नव्हतं. घिरट्या घालून ते बेळगावला, सांबऱ्याला जाऊन उतरलं. समन्वयकाचा फोन : "मॅडम, बेळगावला आणा, इथे सगळं स्वच्छ आहे." मिरजेहून चिकोडी, संकेश्वर करत बेळगाव म्हणजे तीन तासांहून जास्त, सगळे उताणे. दीर दारात उभा होता, सर आत उभे होते, दोघांच्याही मनात तेच असणार. कोणी बोललं नाही.

मी वेळ ठरवली. तीन वाजेपर्यंत कोल्हापूर. तीनला उघडलं नाही तर बेळगाव, आणि त्यासाठी दुसरी गाडी, दुसरे दोन सिलिंडर आताच भरून ठेवायचे. मग त्या मधल्या वेळात आम्ही जे केलं त्याचा मला अभिमान आहे. सिस्टरांनी सगळ्या औषधांच्या नळ्या लांब करून एका बाजूला आणल्या, पंप स्ट्रेचरच्या दांडीला बसवले, रक्तदाब टिकवणाऱ्या नॉरअॅड्रेनलिनचं दुसरं सिरिंज तयार ठेवलं, म्हणजे बदलताना रक्तदाब पडायला नको. श्वासनळीतल्या नळीला जो हवेचा फुगा असतो, तो उंचीवर फुगतो आणि श्वासनळीला दाबतो. त्याचा दाब मोजून विमानातल्या डॉक्टरांसाठी पट्टीवर लिहिला. छातीत हवा साठलेली नाही ना, याचा एक्स-रे पुन्हा काढला, कारण वर गेल्यावर तीही पसरते. आणि वैमानिकाला निरोप दिला की शक्य तितकं खालून उडा, इंधन जास्त जाईल पण केबिनमधला दाब जमिनीच्या जवळ ठेवता येईल. एवढं सगळं ती पालथी असताना.

दीडच्या सुमाराला ढग उचलले. एक पन्नासला फोन आला, "टेकलं." तिचे सोळा तासही तेवढ्यातच भरत आले होते. पाच जणांनी मिळून तिला उताणी केली आणि गाडी निघाली. मी स्वतः बरोबर होते. अंकलीच्या पुलापर्यंत सॅच्युरेशन नव्वद, हातकणंगल्याला अठ्ठ्याऐंशी, विमानाच्या पायरीशी शहाऐंशी. त्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या पण फार नेटक्या. एकेक नळी हातात घेऊन, मोठ्याने नाव उच्चारून त्यांनी ताबा घेतला. चार वाजता विमान उडालं. साडेसहाला ती हैदराबादच्या खाटेवर होती, सॅच्युरेशन ऐंशी. रात्री आठला एक्मो सुरू झालं.

दुसऱ्या आठवड्यात मेंदूत रक्तस्राव होऊन ती गेली. एक्मोवर रक्त पातळ ठेवावं लागतं, त्याचा हा माहीत असलेला धोका. तोवर फुप्फुसं उघडायला लागली होती, असं तिथल्या डॉक्टरांनी मला फोनवर सांगितलं.

महिन्याभराने तिच्या भावाचा फोन आला. आवाजात राग नव्हता. "मॅडम, सकाळीच पुण्याला निघालो असतो तर दुपारी पावणेचारला पोचलो असतो ना? मी हिशेब केला." त्याचा हिशेब अचूक होता. आमच्या वाटेने ती पावणेतीन तास उशिरा पोचली. मी त्याला दुसरा आकडा दिला : पुण्याहून नऊ तास उताणी, आमच्याकडून साडेचार. साडेचार तासांत ती ब्याण्णववरून ऐंशीला आली. पाचव्या, सातव्या, नवव्या तासाला किती राहिली असती? आणि खंबाटकीत तो आकडा पन्नास दिसला असता तर गाडीत माझ्याकडे काय होतं? तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ढग उचलले नसते तर?" तर साडेतीन तास बेळगावचा रस्ता, आणि अंधार पडल्यावर हैदराबाद. तेही मी त्याला सांगितलं.

सरांचं मत अजून पुण्याचंच आहे. विभागाच्या बैठकीत आम्ही दोघंही आपापल्या जागेवरून हललो नाही. एक मात्र त्यांनी मान्य केलं : यापुढे विमानाने पेशंट पाठवताना पुणे, कोल्हापूर, बेळगाव तिन्ही नावं फळ्यावर लिहायची. त्यांच्यापुढच्या रकान्यांत अंतर लिहायचं नाही. उताणे तास, ऑक्सिजन, आणि त्या वाटेवरून परत फिरता येतं की नाही, एवढंच लिहायचं. शेवटचा रकाना माझ्या आग्रहाने आला. पुण्याच्या पुढे त्यात "नाही" असं सरांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, आणि कोल्हापूरच्या पुढे "ढग?".