खाडीकाठचं धुराडं

मागच्या महिन्यात चार दिवस वेंगुर्ल्यात होतो. सागरेश्वरचा किनारा, बंदर, बाजार सगळं फिरून झालं, पण लिहायला बसलोय ते एका बंद पडलेल्या कौलांच्या कारखान्याबद्दल. त्याचं आणि गावाचं नाव मुद्दाम देत नाहीये, जागेचा व्यवहार अजून चालू आहे.

झालं असं, डच वखार बघत होतो. 17व्या शतकात डचांनी इथे व्यापाराचं ठाणं केलं, आज त्या वखारीवर छप्पर नाही, भिंतीतून झाडं उगवलीत, बघवत नाही. तिथे एक काका भेटले, म्हणाले, "ह्यां बघलंस, आता आमची भट्टी बघूक चल." बाईकवर मागे बसलो, अर्ध्या तासात खाडीकाठी.

आधी दिसतं ते लाल विटांचं धुराडं, मग माड, मग लांबलचक पडकी शेड आणि तिच्या टोकाला भट्टी. मंगळुरी कौलं 1865 पासून बाझेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेच्या कारखान्यात व्हायला लागली आणि गलबतांतून किनाऱ्याने वर यायची एवढं वाचलेलं होतं, पण ती बनतात कशी हे काकांनी हातवारे करून दाखवलं, माती मळायची, प्रेसखाली दाबायची, मग कच्चं कौल शेडमध्ये सावलीतच वाळवायचं कारण उन्हात वाकतं नाहीतर तडकतं, आणि मग भट्टी. ढिगातलं एक कौल उचललं तर मागच्या बाजूला कोपऱ्यात अंगठ्याचा ठसा, ओल्या मातीत उमटलेला, रेषासुद्धा दिसत होत्या. काका म्हणाले, "माजी आवस हयसर कौलां उचली. तिचोय आसात." आवस म्हणजे आई. मी ते कौल बराच वेळ हातात धरून उभा होतो.

पावसाळ्याआधी जेसीबी आला होता. गावातली माणसं समोर उभी राहिली, बायका पुढे होत्या, मग ग्रामसभेत ठराव झाला आणि सध्या काम थांबलंय. तेव्हापासून दर रविवारी पंधरा-वीस जण श्रमदानाला येतात. मोजमापं घेतात, फोटो काढतात, जुन्या कामगारांना बोलतं करून मोबाईलवर रेकॉर्ड करतात. धुराड्यावर उगवलेला पिंपळ उपटत नाहीत हं, कापतात, कारण मूळ ओढलं की विटाच निघून येतात.

आपल्याकडे गडावर श्रमदानाला शेकड्याने पोरं जातात, जायलाच हवं, पण जिथे आपल्याच आज्या-पणज्या राबल्या त्या जागेला कोणी वारसा म्हणत नाही. केंद्राच्या 1958 च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात तर 100 वर्षांची अट आहे, त्यात असले कारखाने बसणार कधी?

माझे आजोबा याच वेंगुर्ल्याच्या बंदरातून आगबोटीने मुंबईला गेले, लालबागच्या गिरणीत लागले. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि ते परत कामावर गेलेच नाहीत. गिरणी पाडली तेव्हा आमच्या घरातल्या कोणी एक फोटोसुद्धा काढून ठेवला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून परतीचं तिकीट पुढे ढकललं आणि रविवारी गेलो. टेपचं एक टोक माझ्या हातात, दुसरं कॉलेजच्या एका मुलीकडे, ती आकडे वहीत लिहीत होती. पलीकडे काका चुना कालवत होते. जुन्या चुन्याच्या बांधकामात सिमेंट भरलं तर ओल आतच अडकते आणि विटा फुटतात, म्हणून सिमेंटची पोती कोणी आणून दिली तरी ते हात लावत नाहीत.