तुम्ही विचारलंत म्हणून : अठरा वर्षांनंतर ही मुलं जातात कुठं?

मी काही वर्षं जिल्ह्याच्या बालकल्याण समितीवर, म्हणजे काळजीची गरज असलेल्या मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या समितीवर, सदस्य होते. हे कळलं की लोक मला दोन प्रश्न हमखास विचारतात. लग्नाच्या पंगतीत, एसटीत, कॉलेजातलं व्याख्यान संपल्यावर चहा पिताना. पहिला प्रश्न, "बालगृहातली मुलं अठरा वर्षांची झाली की जातात कुठं?" त्याचं उत्तर दिलं की लगेच दुसरा, "मग त्यासाठी कायदा नाही का?" उभ्या उभ्या दिलेल्या उत्तरानं ना त्यांचं समाधान होतं ना माझं. म्हणून आज बसून लिहिते.

एक मुलगा आठवतो. जूनचा पहिला आठवडा होता. बालगृहाच्या अधीक्षकांच्या टेबलासमोर तो उभा होता. शेजारी पत्र्याची पेटी, तिच्यावर घडी केलेली चादर. बाहेर पडण्याआधी भरायच्या एका अर्जात ‘कायमचा पत्ता’ असा रकाना होता. तिथवर येऊन तो थांबला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, इथं काय लिहू?" समितीवर असताना मी शेकडो कागदांवर सह्या केल्या, पण त्या रकान्यात काय लिहायचं ते मला सांगता आलं नाही. शेवटी अधीक्षकांनी बालगृहाचाच पत्ता घालायला सांगितला. जे घर त्या दिवशी सुटत होतं, त्याचाच.

जूनच का, तेही सांगते. आपल्याकडे किती जणांचा वाढदिवस 1 जूनला असतो ते तुम्हाला ठाऊकच आहे. जन्माचा दाखला नसला की शाळेत नाव घालताना गुरुजी ती तारीख टाकतात. बालगृहात अशी मुलं खूप. काही तर रेल्वे स्टेशनवर सापडलेली, ज्यांच्याकडे शाळेचा दाखलाही नसतो. कायद्यात वय ठरवायची पद्धत कलम 94 मध्ये आहे. आधी शाळेचा किंवा परीक्षा मंडळाचा दाखला, तो नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेची जन्मनोंद, तीही नसेल तरच वैद्यकीय तपासणी. त्यानंतर समिती जे वय नोंदवते ते या कायद्यापुरतं खरं वय मानलं जातं. म्हणजे ज्या तारखेला मुलाचं छत जाणार, ती तारीख पुष्कळदा आम्हीच एखाद्या दुपारी हाडांच्या अहवालावरून लिहिलेली असते.

आणि त्या तारखेला मूल शिक्षणात कुठं असतं? जे सहाव्या वर्षी पहिलीत बसलं, ते अठरा पूर्ण होताना नुकतंच बारावी झालेलं असतं. निकाल हातात, प्रवेश व्हायचा असतो. पण स्टेशनवर सापडलेलं मूल आठव्या-नवव्या वर्षी पहिलीत बसतं. त्याचं अठरावं दहावीत किंवा अकरावीत उजाडतं. आपल्या घरातलं मूल त्या वयात क्लासला जातं, आणि रात्री उशीर झाला तर आपण दारात उभे राहतो.

आता दुसरा प्रश्न. कायदा आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015. तो 15 जानेवारी 2016 पासून लागू झाला, 2021 मध्ये त्यात दुरुस्त्या झाल्या. हा कायदा मी वाईट म्हणणार नाही. काळजीची गरज असलेलं मूल सापडलं की प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत समितीपुढं आणावं लागतं. समितीला महिन्यातून किमान 20 दिवस बसावं लागतं. टाकून दिलेलं बाळ दोन वर्षांपर्यंतचं असेल तर त्याला दत्तकासाठी मोकळं ठरवायचा निर्णय दोन महिन्यांत द्यावा लागतो, मोठं असेल तर चार महिन्यांत. या मुदतींनी आमची कितीदा धावपळ उडाली आहे, पण त्यामुळेच कामं झाली. ‘करावं लागतं’ असं लिहिलं असलं की फाइल हलते.

आणि मग येतं कलम 46. अठरा पूर्ण करून संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला समाजात पुन्हा उभं राहण्यासाठी आर्थिक साहाय्य... इंग्रजी कायद्यात इथलं क्रियापद सूट देणारं आहे. सरकारी मराठीत ते आणलं तर होतं ‘देता येईल’. बंधनकारक असतं तर ते झालं असतं ‘देण्यात येईल’. वाचणाऱ्याला फरक जाणवणारही नाही. पण पेटी घेऊन उभ्या असलेल्या मुलाचं सगळं पुढचं आयुष्य त्या फरकावर टांगलेलं असतं. आधीच्या, 2000 च्या कायद्यातही अनुरक्षणाच्या, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यानंतरच्या मदतीच्या, कलमात हीच भाषा होती. कायदा नवा झाला, क्रियापद तेच राहिलं.

म्हणून मी नवा कायदा मागते. लोक म्हणतात, "आहे तो कायदा पाळत नाहीत, नवा करून काय होणार?" मला हे अजिबात पटत नाही, आणि ते का, हे मी प्रत्येकाला सांगते. ‘देता येईल’ असं लिहिलेलं असताना दिलं नाही तर कायदा मोडतच नाही. मग तक्रार कशाची करायची? अर्ज फेटाळणारा अधिकारी नियमानं बरोबर असतो. मी स्वतः एका मुलीसाठी पत्र लिहिलं होतं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष पुरं होईपर्यंत तिला मदत मिळावी म्हणून. उत्तर आलं की तरतूद ऐच्छिक आहे आणि निधी उपलब्ध नाही. त्या उत्तरात एकही चूक नव्हती.

‘देता येईल’ की ‘देण्यात येईल’, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. सर्वांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असं जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढं मांडलं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणलं, तेही किती सौम्य! सक्तीचं शिक्षण सुरू करायचं की नाही हे स्थानिक संस्थांनी ठरवायचं होतं. तेवढंसुद्धा पुढच्या वर्षी फेटाळलं गेलं. शाहू महाराजांनी मात्र 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करून टाकलं. पुढं घटनेत शिक्षणाला मूलभूत हक्क ठरवणारं कलम 21-अ आलं, 2009 मध्ये शिक्षण हक्काचा कायदा आला आणि सहा ते चौदा वयाच्या मुलांना शाळा देणं हे सरकारचं कर्तव्य ठरलं. तो कायदा नीट चालतो असं मी म्हणत नाही. पण आज एखाद्या आईला शाळेनं दारातून परत पाठवलं तर तिच्याकडे बोट ठेवायला एक कलम आहे. माझ्या मुलांकडे ते नाही.

मदत मुळीच नाही असं समजू नका. केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांत नियम 25 आहे. त्यात एकविसाव्या वर्षापर्यंत, अपवाद म्हणून तेविसाव्यापर्यंत अनुरक्षणाची सोय सांगितली आहे. मूल बाहेर पडायच्या दोन महिने आधी त्याच्या पुढच्या आयुष्याचा आराखडा समितीपुढं ठेवावा, असंही आहे. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेत अनुरक्षणासाठी महिना 4000 रुपये धरले आहेत, खर्च बहुतेक राज्यांत केंद्र आणि राज्य 60:40 वाटून घेतात. पुण्यात शिकायला गेलेल्या मुलाचे एवढ्यात कॉट बेसिसचे पैसे जेमतेम भागतील, मेसच्या डब्याचं काय? 2018 पासून महाराष्ट्रानं अनाथ मुलांना शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का आरक्षण दिलं, ही मोठी गोष्ट. ज्यांनी त्यासाठी झगडा केला त्यांना माझा नमस्कार. पण बालगृहातली सगळी मुलं अनाथ नसतात. कुणाची आई दुसऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या संसारात असते, कुणाचा बाप तुरुंगात असतो. कागदावर आईबाप आहेत, म्हणून अनाथ नाही. घरी जायची सोय नाही, म्हणून बालगृहात. अठरा झाल्यावर हे मूल दोन्हीकडून बाहेर.

मग मला कसा कायदा हवा आहे? पहिलं मागणं त्या क्रियापदाचं. त्याच्यासोबत पैसा विधेयकाच्या वित्तीय निवेदनातच दिसला पाहिजे, नाहीतर ‘देण्यात येईल’लाही ‘निधी उपलब्ध नाही’ हेच उत्तर येईल. वयाची रेघ तारखेऐवजी शिक्षणाला बांधा. चालू अभ्यासक्रम पुरा होईपर्यंत छत सुटता कामा नये. आणि प्रत्येक मुलामागं एक नाव हवं, कार्यालयाचं नको, माणसाचं. इंग्लंडमध्ये 2000 च्या कायद्यानं काळजीतून बाहेर पडणाऱ्या तरुणांना असा एक स्वतःचा मार्गदर्शक दिला, 2017 मध्ये ती सोय पंचविसाव्या वर्षापर्यंत नेली. आपल्याकडे परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) आहेत, जीव तोडून काम करणारे मी पाहिलेत. पण एकाच माणसाकडे गृहचौकशी, कोर्टाची तारीख, बालविवाह थांबवायला मध्यरात्री जाणं, हे सगळं. सहा महिन्यांपूर्वी बाहेर पडलेल्या पोराला फोन करायला त्यानं वेळ कुठून आणायचा? एका माणसाकडे जास्तीत जास्त किती मुलं, हेही कायद्यातच लिहावं लागेल.

एक गोष्ट मात्र मला सुचलेली नाही, ती मुलींनी शिकवली. अशा नव्या कायद्याच्या मसुद्यासाठी सूचना काय पाठवायच्या म्हणून आम्ही काही जणांनी बालगृहातून बाहेर पडलेल्या तरुण-तरुणींना बोलावलं होतं. आम्हाला वाटलं, नोकरी आणि घर यावर बोलतील. ते बोललेच. पण एक जण, कडेवर सहा महिन्यांचं लेकरू, उठून म्हणाली, "ताई, बाळंतपणाला कुठं जायचं ते लिहा." खोलीत कुणीच बोलेना. मग दुसरी म्हणाली, दिवाळीला दोन दिवस राहता आलं तरी चालेल. तिसऱ्याला वाटत होतं, नोकरी सुटली तर पुन्हा उभं राहीपर्यंत परत येता यावं. आज नियम असा की अठरा वर्षांवरच्या कुणालाही बालगृहात लहान मुलांबरोबर ठेवता येत नाही. तो नियम योग्यच आहे, मुलांच्या सुरक्षेसाठी आहे. म्हणून वेगळी जागा हवी, जिल्ह्यागणिक एक, जिथं बाहेर पडलेल्यांना काही दिवस हक्कानं येता येईल. आमच्या सूचनांत आम्ही तिला ‘माहेरघर’ लिहिलं. शासकीय भाषेत ते बसणार नाही, असं एका जाणत्या माणसानं सांगितलं. दुसरा शब्द सुचवा म्हटलं तर त्यांनाही सुचेना. तसंच ठेवलं.

मुलांचं म्हणणं ऐकावं, हे संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराच्या कलम 12 मध्ये आहे. भारतानं तो करार 1992 मध्ये स्वीकारला. त्या दुपारपर्यंत मी ते कलम व्याख्यानात सांगत असे.

पेटीवाला मुलगा आता टेम्पो चालवतो. मधल्या काळात त्यानं चार ठिकाणी खोल्या बदलल्या, पण आधारवरचा पत्ता बालगृहाचाच राहिला. गेल्या वर्षी बँकेचं एक पाकीट तिथं आलं. अधीक्षक बदललेले, नव्यांनी त्याला कधी पाहिलेलंही नव्हतं. त्यांनी ते परत न पाठवता कपाटात ठेवलं, जुन्या रजिस्टरमधून नंबर शोधून त्याला फोन केला आणि विचारलं, "तुझं पत्र आलंय. कधी येतोस?" तो रविवारी गेला, मुलांसाठी केळी घेऊन. संध्याकाळी मला फोन आला. पाकिटात काय होतं ते त्यानं सांगितलं नाही. "मॅडम, त्यांनी जेवूनच जा म्हटलं," एवढंच दोनदा म्हणाला.